हात वर नको, चिठ्ठी टाका

आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष कसा निवडतात, हे बहरीनला आल्यावर पहिल्याच वर्षी मला कळलं. निवडत नाहीत. ठरवतात. जुन्या मंडळींचे एकमेकांना फोन होतात, कुणाच्या तरी घरी चहा होतो, आणि वार्षिक सभेत आमचे काका माइक हातात घेऊन म्हणतात, "अध्यक्षपदासाठी साहेबांचं नाव आलेलं आहे. ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावेत." सगळे हात वर जातात. काका म्हणतात, "बिनविरोध!" मग टाळ्या, मग बटाटेवडे.

काका म्हणजे मंडळातले सगळ्यांत जुने सभासद, रिटायर झाले तरी मुलाकडे इथंच राहिलेले. आणि साहेब म्हणजे एका मोठ्या कंपनीतले वरच्या हुद्द्यावरचे अधिकारी. मंडळातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी त्यांच्या कंपनीत. माझे मिस्टरसुद्धा तिथंच, स्टोअर्समध्ये. साहेब माणूस वाईट नव्हे, हे आधीच लिहून ठेवते. कुणाचं मूल आजारी पडलं तर स्वतःची गाडी काढून हॉस्पिटलात नेणारा माणूस. पण ज्याच्या सहीनं तुमची लीव्ह मंजूर होते, त्याच्यासमोर तुमचा हात आपोआप वर जातो. तो वर करावा लागत नाही.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट झिंजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये देवघराशेजारी फ्रेम करून लावलंय. इथं का लावलं असं कुणी विचारलं, की मी सांगते, तिथंच शोभतं म्हणून. आणि माझं बोलणं जरा मोठ्यानं आणि थेट आहे, त्यालाही कारण आहे. मागाच्या खडखडाटात आडवळणानं बोलून भागत नाही. "जरा पाणी मिळालं असतं तर बरं झालं असतं" असलं वाक्य तिथं अर्ध्यातच मरतं. "पाणी दे!" एवढंच पोचतं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी बहरीनमध्ये सगळ्यांनाच नोकरीची धास्ती होती. कुणाच्या कंपनीत पगार उशिरा होत होता, कुणाचा भत्ता कापला होता. अदलियातल्या एका छोट्या ऑफिसात मी पगाराचं काम बघते, म्हणून मला कुणकुण आधी लागते. पण मंडळात विचाराल तर सगळं ऑल गुड. कुणी बायकामुलांना इंडियाला पाठवलं, की सांगायचं, मुलाचं बोर्डाचं वर्ष आहे. अहो, मूल चौथीत! कसलं बोर्ड? गंमत म्हणजे हीच मंडळी वडे खाताना टीव्हीवरच्या परक्या देशातल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर तासभर बोलायची. तिथं महागाईच निकाल लावणार, लोक शेवटी खिशाकडे बघूनच मत देतात, वगैरे. आपल्या खिशाबद्दल मात्र कुणी तोंड उघडायचं नाही.

अशात कमिटीच्या मीटिंगला साहेबांनी गणेशोत्सवाचा बेत मांडला. पंचतारांकित हॉटेलचा हॉल, मुंबईहून गायक, आणि पास. डायमंड, गोल्ड, सिल्व्हर. मी त्या कमिटीत अल्पोपाहार प्रमुख होते. म्हणजे वडे माझ्याकडे.

मी विचारलं, "साहेब, सिल्व्हर पाससुद्धा ज्याला परवडणार नाही तो कुठं बसणार?"

मग एक जण म्हणाले, "ताई, अशी वेळ आपल्यातल्या कुणावर नाही."

साहेब समजुतीच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, लोक वर्षभर काळजीत असतात. एक दिवस तरी झुंबराखाली बसू देत ना. मंदी आली की सण मोठा करावा."

त्यांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नव्हतं, ते मला आजही मान्य आहे. पण त्याच आठवड्यात मी हमद टाउनच्या एका वहिनींना फोन केला होता. आमच्याकडे उकडीचे मोदक करावेत तर त्यांनीच. मी म्हटलं, वहिनी, यंदाही मोदक तुमच्याकडे. त्या म्हणाल्या, "यंदा नाही जमायचं हो. आम्ही त्या दिवशी बिझी आहोत."

"कुठल्या दिवशी? हॉलची तारीख अजून ठरली नाहीये."

मग हळूच म्हणाल्या, "ठरेल त्या दिवशी."

फोन ठेवला आणि मी ठरवलं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "मी अध्यक्षपदाला उभी राहत आहे. पास बंद करायचे आहेत." एवढंच. ज्या ग्रुपवर सकाळी सहापासून सुप्रभातची फुलं पडतात, त्यावर दुपारपर्यंत एक अक्षर उमटलं नाही. मग काकांचा फोन आला. "अगं पोरी, सांस्कृतिक प्रमुख हो की! तुझ्यासाठी ठेवलंय ते पद."

"काका, मला अध्यक्ष व्हायचंय."

"पण मग निवडणूक घ्यावी लागेल!" काका असं म्हणाले, जणू घराला आग लावावी लागेल.

मुलगी शाळेतून आली, तिला कळलं, ती म्हणाली, "वेट, आई, यू आर रनिंग फॉर प्रेसिडेंट?" आणि सोफ्यावर पडून हसायला लागली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतच येतं.

मिस्टर मात्र हसले नाहीत. ऑफिसातून आले, बूटही काढले नाहीत. "अगं, तुला कळतंय का काय केलंस? आमच्याकडे माणसं कमी करायचं चाललंय. यादी साहेबांच्या टेबलावरून जाणार. आणि तू त्यांच्याविरुद्ध उभी राहतेस?"

"विरुद्ध नाही. समोर."

"कंपनीला तो फरक कळत नाही." ते बसले, उठले, परत बसले. "नोकरी गेली तर व्हिसा गेला. तुझ्या एकटीच्या पगारात भाडं आणि शाळेची फी बसते का, तूच सांग, बी.कॉम. तू आहेस."

बसत नव्हती. मी आकडेमोड आधीच केली होती. त्यामुळे पुढचे सगळे आठवडे माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या: अध्यक्षपद आणि ह्यांची नोकरी. एक मिळवताना दुसरी जाऊ शकत होती, आणि ते कुणी मला उघड सांगणार नव्हतं.

प्रचार कसा करतात हे आमच्यात कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. मी म्हटलं, घरोघरी जावं. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडी नेसून, पेढ्यांचा पुडा घेऊन पहिल्या घरी गेले. दार उघडणाऱ्या बाईंनी पेढे बघितले, मला बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. "बसा ना," त्या म्हणाल्या. चहा आला. मग त्या जरा पुढं सरकून म्हणाल्या, "कधी निघताय?"

"कुठं?"

"इंडियाला. फायनल ना? वाटलंच होतं मला. ताई, राग मानू नका, पण तुमचं वॉशिंग मशीन कुणाला दिलं नसेल तर आमचा विचार करा."

इथं कारणाशिवाय पेढे घेऊन कुणी कुणाच्या घरी जात नाही. जो जातो तो निरोप घ्यायला. आणि जाणाऱ्याचं सामान आधी कोण उचलतो याची इथं शर्यत असते. दुसऱ्या घरी माझा फ्रीज मागितला. तिसऱ्या घरी एका गृहस्थांनी, "तुमच्या त्या सोफ्याला ढेकूण नाहीत ना?" असं काळजीनं विचारलं. चौथ्या घरी मी दारातच ओरडले, "मी कुठंही जात नाहीये! निवडणुकीला उभी आहे! फर्निचर विकायचं नाही!" शेजारच्या फ्लॅटमधला मल्याळी माणूससुद्धा बाहेर येऊन बघून गेला.

पण त्या चुकीनंच प्रचाराला तोंड फुटलं. कारण हसणं झालं, की बायका मला स्वयंपाकघरात घेऊन जायच्या, आणि तिथं पुरुषांना न सांगता येणारं बोलणं व्हायचं. बाहेर हॉलमध्ये नवरा सांगत असायचा, "आमच्याकडे काही टेन्शन नाही," आणि आत बायको मिरच्या चिरता चिरता म्हणायची, "खरं सांगू का? तुम्ही जाताय असं वाटलं ना, तेव्हा बरं वाटलं. म्हणजे तुमचं वाईट चिंतलं नाही हो. पण वाटलं, आपण एकटेच नाही."

मी प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला: "पगार वेळेवर होतो का?" कुणाला राग आला. एका इंजिनिअर गृहस्थांनी, "हा काय प्रश्न झाला?" म्हणून मला चहा न देता वाटेला लावलं. पण बहुतेक ठिकाणी एक लांब श्वास ऐकू यायचा आणि मग खरं बोलणं सुरू व्हायचं. हमद टाउनच्या वहिनींनी तर दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "मोदक मी कितीही करीन. पण स्वतः केलेले मोदक सिल्व्हरच्या मागच्या रांगेत बसून मी खाणार नाही."

मत देणार का, असं विचारलं की मात्र सगळ्यांचं एकच उत्तर. "ताई, मनातून तुम्हीच. पण साहेबांसमोर हात कसा वर करायचा?"

म्हणजे प्रश्न माझा एकटीचा नव्हता. माझ्या घरात जी भीती होती तीच प्रत्येक घरात होती. भीतीवर मला एकच औषध माहीत आहे: जाऊन विचारायचं.

साहेबांना मी अदलियातल्या, माझ्या ऑफिसजवळच्या एका कॅफेत बोलावलं. ते आले, छान हसले, माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बोला, काय तडजोड करायची?"

"तडजोड नाही साहेब. एक विचारायचंय. मी उभी राहिले म्हणून ह्यांची नोकरी जाणार का? हो की नाही, सांगा. हो असेल तरी चालेल, पण स्पष्ट सांगा."

साहेबांचा कप टेबलावर जरा जोरातच टेकला. "तुम्ही मला असा माणूस समजता?"

"मी नाही समजत. पण विचारल्याशिवाय झोप लागत नाही."

त्यांनी कप बाजूला सारला. मग आवाज बदलला. मंडळातला, माइकवरचा आवाज नव्हता तो. "निवडणुकीमुळे जाणार नाही. हा शब्द देतो. पण राहीलच, असं सांगत नाही. कुणाचीच राहील असं सांगू शकत नाही. माझीसुद्धा."

मी म्हटलं, "मग पहिलं वाक्य सभेत सांगाल?"

"मी? सगळ्यांसमोर? की मत कुणालाही द्या, नोकरीला धक्का लागणार नाही? हे सांगावं लागणं हाच माझा अपमान आहे."

"अपमान असेल. पण लागतंय सांगायला. तुमच्यासमोर लोकांना हात खाली ठेवता येत नाही साहेब. इतकी वर्षं तुम्ही बिनविरोध निवडून आलात, त्यातली किती मतं खरी होती, हे तुम्हालाही कधी कळलं नाही."

त्यांनी वेटरला हात केला. बिल मात्र त्यांनीच दिलं. मी नको म्हणत होते, तर म्हणाले, "खलास, ताई, बस झालं. एवढं तरी जिंकू द्या."

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे नोकरीची खात्री नाहीच." मी म्हटलं, "नाही. पण माझ्यामुळे जाणार नाही." त्यावर त्यांनी जरा वेळानं विचारलं, "भाषण तयार आहे का तुझं?" मला तेव्हाच कळलं की एक मत पक्कं झालं.

सभेला हॉल भरला होता. बिनविरोध वर्षांत एवढी माणसं कधी आली नव्हती. काका माइकवर आले आणि सवयीनं म्हणाले, "ज्यांची संमती..." मी उठले. "काका, हात वर नको. चिठ्ठ्या टाकू."

एकदम गलका झाला. "आपण काय एकमेकांचे शत्रू आहोत का?" "कुटुंबात कुठं चिठ्ठ्या असतात?" मागून एक आवाज आला, "ताईंना साधेपणा हवा ना, मग कागद कशाला वाया घालवताय?" हशा पिकला. काका घाम पुसत साहेबांकडे बघायला लागले.

साहेब उठले. माइक न घेता बोलले, म्हणून सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागलं. "चिठ्ठ्याच होऊ देत. आणि एक सांगतो. माझ्या कंपनीतली जी मंडळी आहेत, त्यांनी ज्याला द्यायचं त्याला मत द्यावं. इथलं मत आणि तिथली नोकरी यांचा संबंध नाही. हे मी याआधीच सांगायला हवं होतं." आणि बसले. माझ्या शेजारी हे बसले होते, त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

मग भाषणं. साहेब संस्कृतीवर छान बोलले, ते नेहमीच छान बोलतात. माझी पाळी आली. मी कागद आणला होता, तो तसाच घडी घालून ठेवला.

"मला भाषण येत नाही," मी म्हटलं. "पगाराचं काम येतं. आपल्यातल्या कितीतरी घरांत पगार उशिरा होतोय आणि आपण एकमेकांना ऑल गुड सांगतोय. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, बुडतोय तो मी एकटाच. मला अध्यक्ष केलंत तर पास बंद. उत्सव शाळेच्या हॉलमध्ये. जेवण घराघरातून. वर्गणी ज्याला जमेल तेवढी, आणि देणगीदारांच्या बोर्डावर कुणाचंच नाव नाही. आणि ज्याची नोकरी जाईल त्यानं इथं येऊन सांगायचं. बोर्डाची परीक्षा, आजीची तब्येत, काही नाही. नोकरी गेली, एवढंच. मग पुढचं आपण सगळे मिळून बघू. गायक येणार नाही. आपल्यातल्याच वहिनी गातात, त्यांना टाळ्या वाजवा."

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. आधी बायकांच्या बाजूनं एक आली, मग दुसरी, आणि मग असा कडकडाट झाला की बाहेर खेळणारी मुलं आत धावत आली.

मतपेटी कुणाकडे होती? स्वयंपाकघरातून मोठं मोदकपात्र आणलं, झाकण थोडं बाजूला सरकवून ठेवलं. कुणाचं नाव कसं लिहायचं यावर वाद झाला, मग ठरलं, "ताई" नाहीतर "साहेब". रांगेत उभं राहताना लोक चिठ्ठी मुठीत अशी लपवत होते जणू शाळेची परीक्षा आहे, आणि चेहरे मात्र खुललेले. स्वतःचं मत स्वतः लिहायची चैन त्यांना या हॉलमध्ये पहिल्यांदाच मिळत होती.

काकांनी चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. "ताई. ताई. साहेब. ताई. ताई..." एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "दोघंही चांगले. जेवण कधी?" ती बाद झाली, पण टाळ्या तिलाही मिळाल्या. थोड्या वेळानं काका "ताई" म्हणता म्हणता थकले आणि नुसतीच मान हलवून चिठ्ठी माझ्या ढिगावर टाकायला लागले. साहेबांचा ढीग त्यांच्या चहाच्या कपाएवढाही उंच झाला नाही. निम्मं मंडळ त्यांच्या कंपनीतलं, आणि निकाल असा! साहेबांनी ते दोन्ही ढीग नीट बघितले, उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "आता कळली मला माझी खरी मतं. अभिनंदन, अध्यक्ष." मी त्यांना वाकून नमस्कार केला. मनापासून केला. माझी मुलगी लांबून ओरडली, "मॅडम प्रेसिडेंट!" इचलकरंजीला फोन लावला, तर वडील पलीकडून आमच्या घरच्या आवाजात ओरडले, "बिनविरोध?"

"नाही अण्णा! लढून!"

"मग बरं!"

उन्हाळा सरता सरता साहेब आमच्या घरी आले. बसायच्या आधीच बोलले, ह्यांच्याकडे बघून. "स्टोअर्स विभाग पूर्ण बंद होतोय. तुझं नाव यादीत आहे. पत्र यायच्या आधी मी स्वतः सांगायला आलो." त्यांना ते किती जड गेलं असेल ते चेहऱ्यावर दिसत होतं. ह्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाले, "बरं झालं साहेब, तोंडावर सांगितलंत." मी आत जाऊन चहा ठेवला.

चतुर्थीला शाळेचा हॉल गच्च भरला. हमद टाउनच्या वहिनींचे मोदक पहिल्या टेबलावर, आणि त्या पहिल्या रांगेत. रत्नागिरीकडचे एक कोकणी मुसलमान व्यापारी सहकुटुंब आले होते, मनामा शहरात त्यांचा हार्डवेअरचा धंदा आहे. पास नाही म्हटल्यावर शेजाऱ्यांनाही बोलावता आलं. आरती झाली, मी माइकवर जेवणाची सूचना द्यायला निघाले, तर माझ्याआधी हे तिथं पोचले. माइक कधी हातात न धरलेला माणूस. तो त्यांनी उलटा धरला, कुणीतरी सरळ करून दिला.

"माझी नोकरी गेली," ते म्हणाले. "स्टोअर्सचं काम मला चांगलं येतं. कुणाकडे असेल तर सांगा."

तिसऱ्या रांगेतून एक जण उठून म्हणाला, "माझीही गेली. एसीचं काम करतो." त्याच्या मागे अजून एक उठला. लोक एकमेकांकडे वळले, फोन निघाले, कुणी कुणाला बाजूला नेलं. ज्या इंजिनिअर गृहस्थांनी मला चहा न देता वाटेला लावलं होतं, ते एसीवाल्याचा नंबर घेत होते.

रत्नागिरीचे ते व्यापारी पत्रावळ हातात घेऊन ह्यांच्याकडे गेले. "आमच्या गोडावनात माल कुठाय ते मलाच सापडत नाही. तुम्ही येता का? व्हिसाचं बघू आपण, इंशाल्ला."

"कधी येऊ?" ह्यांनी विचारलं.

"आधी जेवा तर! मोदक संपतायत."

मी वाढायला लागले. रांग दारापर्यंत गेली होती, आणि पुढं कोण, मागं कोण, कुणी बघत नव्हतं.